इस्त्रीवाल्या मावशींचं कुलूप

इस्त्रीवाल्या मावशी म्हणजे खमकं प्रकरण. नवऱ्याच्या मागे त्यांनी भाड्याच्या एका खोलीत टेबल मांडलं आणि दोन लेकींना त्याच टेबलाखाली झोपवून लहानाचं मोठं केलं. अख्ख्या गल्लीचे कपडे त्यांच्याकडे. तर त्या खोलीचं छत एका दुपारी कोसळलं. मावशी गठ्ठा पोचवायला गेल्या होत्या म्हणून वाचल्या, नाहीतर कपाळमोक्षच होता.

घरमालक धावत आले. छताला तडे गेलेत म्हणून मावशी वर्षभर कानीकपाळी ओरडत होत्या, तेव्हा हा गृहस्थ 'बघू, बघू' करत होता. आता मात्र बोलण्यात साखर पेरली. इथं राहणं धोक्याचं, लेकीकडे जा, दुरुस्ती झाली की निरोप धाडतो, तेवढी किल्ली मात्र देऊन ठेवा. वर गल्लीसमोर म्हणाले, "तोवर माझं घर तुमचंच समजा."

मावशींना शेजारच्या खोलीतला रंगारी आठवला. त्यानंही अशीच किल्ली दिली होती. तो बिचारा अजून निरोपाची वाट बघतोय आणि त्याच्या खोलीत मालकांचं भंगार सुखानं नांदतंय. खोली गेली की धंदा गेला, मग म्हातारपणी जावयाच्या दारात मिंधं होऊन राहायचं. छे! मावशींनी मोडक्या खोलीला कुलूप ठोकलं, किल्ली कनवटीला खोचली आणि टेबल, इस्त्री, गाठोडी घेऊन थेट मालकांच्या दिवाणखान्यात ठाण मांडलं. शब्द चारचौघांत दिलेला, मालक नाही कसं म्हणणार?

मग काय, गल्लीची रीघच लागली. शर्ट न्यायला येणारा प्रत्येक जण ऐसपैस बसायचा आणि मावशींची खोली कधी होतेय म्हणून मालकांना विचारायचा. मालक पेपरात तोंड खुपसायचे. मालकीणबाई मावशींना चहा द्यायच्या आणि आत जाऊन नवऱ्याला फैलावर घ्यायच्या. शेवटी मालकांचा जीव मेटाकुटीला आला.

"मावशी, हे अजून किती दिवस?"

"ते तुम्ही सांगा. गवंडी कधी बोलावताय?"

गवंडी आला. मालकांनी पुन्हा किल्ली मागून बघितली. मावशी रोज सकाळी स्वतः जाऊन दार उघडायच्या आणि संध्याकाळी स्वतःच कुलूप लावायच्या.

छत पक्कं झालं तसं त्यांनी टेबल हलवलं. निघताना मालकांचा इस्त्री केलेला सदरा त्यांच्या हातात ठेवला.

"येत जा. माझंही घर तुमचंच समजा," त्या म्हणाल्या. "किल्ली तेवढी माझ्याकडे राहील."