हात थांबतो तेवढा वेळ

टांकसाळीतला तो रोबो नाण्यांची पिशवी उचलण्याआधी थांबतो. फार नाही, सेकंदभर. पंजा पिशवीला लावतो, तिला हलकासा हिसका देतो, थांबतो आणि मग उचलतो. पंजा माझ्या कारखान्यात, नगरच्या एमआयडीसीत बनला. ते थांबणं मात्र मी बनवलेलं नाही. ते ज्याचं आहे तो माणूस आता नाही.

भिंगारमध्ये पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत, एका हातप्रेसवर नटबोल्टखालचे वायसर पाडत मी धंदा सुरू केला. बाई आहे म्हणून भाव पाडायला येणाऱ्यांना मी चहाही न विचारता परत पाठवत असे. आवाज चढवल्याशिवाय मला कुणी काही दिलेलं नाही, त्यामुळे आवाज चढवायची मला लाज वाटत नाही. रोबो बसवणाऱ्या एका कंपनीने टांकसाळीचं काम घेतलं आणि पंजा माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी एकच अट घातली. पंज्यावर माझ्या कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी राहील. त्यांचा माणूस हसून हो म्हणाला.

चाचणीसाठी त्यांनी रोबो माझ्याच शेडमध्ये आणून उभा केला. खरी नाणी कोण देणार? आम्ही पिशव्यांत वायसर भरले. एकेक पिशवी सिमेंटच्या अर्ध्या गोणीएवढी जड. पंजा ती धरायचा, पण वर नेताना आतला माल एका अंगाला सरकायचा आणि पिशवी निसटून फरशीवर आपटायची. चार दिवस हेच चाललं. कंपनीच्या इंजिनिअरवर मी इतकी ओरडले की तो माझ्यासमोर जेवायला बसेना.

पडलेल्या पिशव्या परत जागेवर ठेवायचं काम मामांकडे होतं. शेडमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणत. जामखेडकडचे. उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीत गेली, मोळ्या वाहून उजवा खांदा कामातून गेला, म्हणून माझ्याकडे हलक्या कामाला आले होते. पिशव्या उचलणं हे हलकं काम नव्हे, हे मला दिसत होतं. तरी मी त्यांचं काम बदललं नाही. पाचव्या दिवशी मामाच स्वतःहून बोलले.

"ताई, रागावू नका. त्यो लगीच उचलतोय. माल आदी बसू द्यायला पायजे."

त्या रोबोला हाताला धरून शिकवता येतं. पंज्याची मूठ धरून माणूस जसा हात फिरवेल, तसं तो लक्षात ठेवतो. इंजिनिअरने मामांनाच मूठ धरायला सांगितली. मामांनी पिशवीला हिसका दिला, थांबले, उचललं. त्यानंतर दिवसभरात एकही पिशवी पडली नाही.

हिसका मला समजला. मध्ये थांबलात कशाला, असं मी संध्याकाळी विचारलं.

"कळ येती खांद्यात," मामा म्हणाले. "ती जाईस्तोर थांबतो. सवय लागली."

मी खुशीत होते. काय पाहिजे ते मागा, म्हटलं. पगारवाढ मागतील आणि मी निम्म्यावर आणीन, असं मनात धरलं होतं. त्यांनी मागितलं ते वेगळंच. पैसा बनतो तिथं हा हात चालताना एकदा बघायचाय, म्हणाले. जन्मभर पैसा मुकादमाच्या हातून आला, तो मुळात निघतो कुठून ते तरी बघू. मी लगेच कबूल झाले. सौदा फारच स्वस्तात पडला, असं वाटलं मला.

पंजा इथून गेला आणि कंपनीने माझी पट्टी काढून टाकली. यंत्रावर एकच नाव चालेल, आमचं, असा निरोप आला. मी फोनवर नको ते बोलले आणि कामापलीकडे त्यांच्याशी बोलणंच सोडलं. रोबो बसवायच्या दिवशी टांकसाळीत आत जायला आम्हाला दोन पास होते, एक माझा आणि एक फोरमनचा. तिसरा मागितला असता तर कंपनीने मिळवून दिला असता. पण मागायचं म्हणजे त्यांच्यापुढे नमायचं. मी मामांना सांगितलं, पुढच्या वेळी नेते.

"व्हय, घाई कुटं हाय," ते म्हणाले. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

दिवाळीला गावी गेले ते परत आले नाहीत. झोपेतच गेले, असं त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं.

पुढे पंज्याची रबरी बोटं झिजली, ती बदलायला मी टांकसाळीत गेले. पिशवीत नाणी पडत होती, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. जाळीपलीकडे तो हात पिशवीवर गेला, हिसका दिला आणि थांबला. मी जाळी घट्ट धरली. पुढची पिशवी, पुन्हा तसंच. पास नसताना मामा आत आले होते, आणि बाहेर कसं पडायचं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारी तोच इंजिनिअर उभा होता. म्हणाला, "मॅडम, हे थांबणं आता काढून टाकतो. पिशवीमागे सेकंद फुकट जातो. चालेल ना?"

चालण्यासारखंच होतं. माल हिसक्याने बसतो, थांबल्याने काही होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी म्हटलं, वायसर वेगळे आणि नाणी वेगळी. नाणं गुळगुळीत, त्याला बसायला वेळ लागतो. थांबणं काढलं आणि पिशवी पडून फुटली तर पंज्याची जबाबदारी माझी नाही, तसं लिहून देते. तो अर्ध्या सेकंदावर आला. एरवी अशा ठिकाणी मीही थोडी सरकते.

"पूर्ण," मी म्हणाले. "नाहीतर ही बोटं परत नगरला घेऊन जाते."

तो कंटाळून हो म्हणाला.

बोटं बसवताना पंज्याच्या कडेला स्क्रूची दोन भोकं दिसली. माझी पट्टी तिथं होती. त्या कंपनीशी माझं भांडण मिटलेलं नाही आणि मी ते मिटवणारही नाही. पण ती पट्टी कोरून घेताना मामांचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, हे त्या भोकांवर बोट ठेवल्यावर लक्षात आलं.

इंजिनिअरचा अधूनमधून फोन येतो. कामाचं संपलं की मी विचारते, अजून थांबतो का. थांबतो, म्हणतो. फोन ठेवला की तो हात डोळ्यांपुढे येतो. पिशवीमागून पिशवी, आणि प्रत्येक पिशवीला खांद्यातली तीच कळ. मामा गेले तेव्हा ती संपायला हवी होती. मी घासाघीस करून ती पूर्ण एक सेकंद ठेवून घेतली.