दस्तगीरचाचांनी न कापलेलं भेकर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवळात डोळे मिटून उभा राहतो तेव्हासुद्धा नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही.

कागलपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचा ऊस. तोड कडेनं सुरू होते आणि फड आकसत जातो. ससे, रानडुकरं, आत जे असेल ते शेवटच्या पट्ट्यात गोळा होतं. मग आम्ही काठ्या घेऊन चारी बाजूंनी उभे राहतो. ह्याला आम्ही शिकार म्हणतो. पळायला वाटच ठेवायची नाही — आणि वर शिकार? पण हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही. मला चेव आला होता.

काही वर्षांपूर्वीची भर दुपार. पट्ट्यातून भेकर निघालं. डोंगर सोडून ते हरीण इतक्या खाली कसं आलं, कोण जाणे. मी आणि माझ्या चुलतभावानं घोंगडं टाकून त्याला धरलं, पाय बांधले. भाऊ म्हणाला, "चाचास्नी बोलवा."

आमच्या गावात बकरं मुलाण्यानंच कापायचं, ही रीत. जत्रा असो, जावळ असो, मराठ्याच्या दारातसुद्धा सुरी फिरते ती दस्तगीरचाचांचीच. निरोप गेला. काय कापायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. चाचा सुरीची पिशवी घेऊन गावातून चालत आले, आणि माझ्या रानाकडं जाताना त्यांना सगळ्या गावानं पाहिलं. हे मी पुढं वापरलं.

चाचांनी भेकराच्या तोंडाशी पाणी धरलं. ते प्यालं नाही. चाचा उठले.

"आप्पा, सोडा त्येला. मी न्हाय कापणार."

"का? बकरं चालतंय, मग ह्ये का न्हाय?"

"बकऱ्याला तुमी चारा घातल्याला असतोय. ह्येला कुणी घातलाय? ज्येला कधी घास दिला न्हाय, त्येच्या मानंवर मी सुरी न्हाय चालवत."

पिशवी उचलून ते निघून गेले. ऊसतोडीच्या टोळीतलं कुणीतरी हसलं. मलाच हसलं असं वाटलं — आणि तेवढ्यावरून, खरंच तेवढ्यावरूनच, मी एकाच्या हातातला कोयता घेतला. मला कापता येत नव्हतं. किती वेळ लागला ते सांगवत नाही. भेकर कुत्र्यासारखं भुंकत होतं, मग नुसता घसा वाजत होता. वाटे पडले. ज्यानं वाटा खाल्ला त्यानं तोंड उघडायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला.

दोन दिवसांनी वनखात्याची माणसं आली. बांधाजवळ कातडं सापडलं. कापलं कुणी, असं साहेबांनी विचारलं. इथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. भाऊ माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "आमच्यात मुलाणीच कापतोय की, साहेब."

वाक्य खोटं नव्हतं ना? म्हणून तर इतक्या लगेच सुचलं. पुढचं मात्र सरळ खोटं होतं — भेकर टोळीनं धरलं, मी नंतर पोचलो, चाचांना कापताना पाहिलं. टोळी तोवर दुसऱ्या मुलखात गेलेली. साहेबांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. सही करताना अडखळलो असेन म्हणता? नाही. सही नेहमीसारखीच आली.

चाचांना धरून नेलं, जामीन झाला आणि तारखा सुरू झाल्या. आपण कापलं नाही, हे ते सांगत राहिले. पिशवी घेऊन जाताना पाहिलेल्या गावाला ते पटेना, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी वाटा खाल्ला होता. जत्रेला लोक शेजारच्या गावातनं मुलाणी आणू लागले.

एका तारखेला त्यांची एसटी चुकली. साक्षीला मीही निघालो होतो. गाडी थांबवून म्हणालो, "बसा चाचा." ते बसले. ज्यानं अडकवलं त्याच्याच पाठीमागं! अर्धा रस्ता मागं पडला. मग एवढंच म्हणाले, "आप्पा, आज तरी बोला."

त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते. मला हायसं वाटलं. पुढच्या तारखेलाही वाटलं.

मीच त्यात अडकलो, मलाच सुटता येईना, असं मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. झोप लागत नाही, मटण घशाखाली उतरत नाही, चाचांच्या घरावरून जायचं टाळतो. पण मला वाट होती. दर तारखेला होती.

गेल्या महिन्यात चाचा वारले. आरोपी मयत म्हणून खटला बंद झाला. माझी साक्ष झालीच नाही. मी मातीला गेलो, इतरांसारखी तीन मुठी माती टाकली, घरी येऊन आंघोळ केली.

भेकर मी मारलं. चाचांनी नाही. हे आता गावभर ओरडून सांगितलं तरी ते ऐकायला चाचा नाहीत. ही खात्री झाली, आणि मगच मी लिहायला बसलो.