दादाने न ऐकलेलं गाणं

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज कुणाला तरी विचारायचंय.

सकाळी दादाचा फोन वाजला. त्याला जाऊन दोन महिने झाले. वाडीत सुपाऱ्या सोलत बसलेली आई धावत आली. "बघ गं, कोणाचा फोन?"

फोन कोणाचाच नव्हता. दादा ऐकायचा त्या, कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी गाणाऱ्या ऑस्ट्रेलियन गायिकेचं नवीन गाणं आल्याचं नोटिफिकेशन होतं.

दादा मला प्रत्येक गाण्याचा अर्थ सांगायचा. "आपल्यासारखीच माणसं गं ती. गुरं, शेत नि पावसाची वाट."

आज मी ते नवीन गाणं तीनदा लावलं. आईने विचारलं, "काय म्हणत्येय ती बाई?"

तिचं इंग्रजी मला दादाशिवाय कळत नाही.

नोटिफिकेशन बंद केलं तर हा फोन पुन्हा वाजणार नाही. चालू ठेवलं तर आई दर गाण्याला अशीच धावत येईल. मी काय करू?