परिषदेचं जेवण आणि आमचे साडू

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली. सासुरवाडीला रुसून, पण पोटभर जेवणारे जावई पाहिले, शाळा तपासायला निघतानाच घरून रागावून येणारे तपासनीस पाहिले. पण तोंड धुण्याआधीच ज्याचा राग धुऊनपुसून तयार असायचा असा माणूस सगळ्या मावळात एकच झाला, आणि तो देवानं नेमका माझा साडू म्हणून दिला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणायचो, ती या गृहस्थांच्या घरी दिलेली. अक्का इतकी गरीब की शेजारच्या कोंबडीलासुद्धा "जा गं बाई" म्हणून हाकलायची. पत्रिका जुळवणाऱ्यानं काय पाहून हे लग्न जुळवलं, ते त्यालाच ठाऊक.

विंझरहून पालीकडे जाताना नदीच्या अंगाला पुण्याच्या एका संस्थेनं ग्रामसेवा-केंद्र काढलं होतं. साडू तिथले व्यवस्थापक. कौलारू लांबट इमारती, मध्ये अंगण, मागे विहीर, पुढे भाजीचे वाफे. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षकांनी महिनाभर तिथं राहायचं, सूत कातायला, खताचा खड्डा घालायला, जखम बांधायला शिकायचं आणि ते आपापल्या गावी नेऊन लोकांना शिकवायचं, अशी योजना होती. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस ते. मी भोर संस्थानात हिर्डोशीच्या बाजूला मास्तर होतो. शिबिरासाठी माझं नाव लागलं तेव्हा बायकोला कोण आनंद झाला! म्हणाली, "अक्काच्या घरी जाताय. बडदास्तीत राहाल."

नसरापूरपर्यंत मोटारीनं आणि पुढं बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत मी केंद्रावर पोचलो. साडू दारातच उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर पंचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी हसून नमस्कार केला. त्यांनी माझ्याऐवजी माझ्या ट्रंकेकडे पाहिलं.

"ह्ये काय?"

"ट्रंक."

"वरातीला आलाय व्हय, मास्तर? हितं दोन धोतरं आन् ताट-वाटी, बास. बाकी समदं गाडीत घाला माघारी."

मी दोन धोतरं काढून घेतली आणि ट्रंक परत गेली. बायकोनं अक्कासाठी दिलेले लाडूही तिच्यातच गेले. ते नसरापूर यायच्या आधीच गाडीवानानं संपवल्याचं पुढं कळलं. नात्याचा मला फायदा एवढाच झाला, की इतर शिक्षकांवर साडू चूक झाल्यावर रागवायचे आणि माझ्यावर आधीच रागावून ठेवायचे.

त्यांच्या रागाला माणूसच लागायचा असंही नव्हतं. घंटा अशी बडवायचे की तिच्याशी जुनं वैर असावं. विहिरीवरच्या पोहऱ्याला त्यांनी एकदा "कामचोर" म्हटलेलं मी ऐकलं आहे. अक्का सांगायची, अंगणातलं पपईचं एक झाड आदल्या वर्षी फळ धरत नव्हतं. साडू रोज आंघोळीला जाताना त्याच्यासमोर थांबून दम द्यायचे, "हितं फुकट ऱ्हायचं न्हाई, सांगून ठिवतो." आमच्या शिबिराच्या वर्षी झाड नुसतं लगडलं. मग हे आणखी चिडले. "आता येवढ्या पपया कोन खानार? आक्कल म्हून न्हाई!" असं म्हणून त्यांनी पपया आम्हा शिक्षकांना सकाळ-संध्याकाळ खायला घातल्या आणि आम्ही कंटाळलो तेव्हा आमच्यावर रागावले.

पानात टाकलेलं त्यांना खपत नसे. भोर शहरातून आलेल्या एका नाजूक शिक्षकांनी अर्धी नाचणीची भाकरी तशीच ठेवली. साडू त्यांच्या पानासमोर उकिडवे बसले. "ही नाचनी डोंगरावर वाकून वाकून कुना बाईनं लावलीया. तिला बोलवू का? तिच्याम्होरं टाका." शिक्षकांनी भाकरी संपवली, वर आणखी चतकोर मागून घेतली. त्याच शिक्षकांना पुढं ताप भरला तेव्हा साडू दिवसभर त्यांच्या उशाशी बसून कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होते, आणि तापाला, शिक्षकांना आणि भोरच्या हवेला आळीपाळीनं शिव्या देत होते. "ऐन कामाच्या वक्ताला पडला बगा गडी," म्हणायचे, आणि हात मात्र असा अलगद फिरायचा, की मला त्या शिव्या दुसरंच कुणी देतंय असं वाटायचं. अक्का पेजेची वाटी घेऊन दाराशी उभी असायची. मला हळूच म्हणाली, "त्यास्नी काळजी वाटली की असंच व्हतं, भावजी. बोलता येत न्हाई त्येंना दुसरं."

शिबिराच्या शेवटी संस्थेनं केंद्रावर ग्रामसुधारणा परिषद भरवली. त्या दिवसाची आठवण काढली की माझं डोकं आजही तापतं, म्हणून जरा सावकाश सांगतो. पुण्याहून प्रतिनिधी आले. त्यांच्या मुक्कामासाठी आम्हा शिक्षकांना खोल्यांतून काढून गोठ्याच्या पडवीत घातलं. त्याचं काही नाही. पण आसपासच्या गावांतून परिषदेसाठी तांदूळ, दूध, सरपण, पत्रावळी गोळा केल्या होत्या. लोकांनी आनंदानं दिल्या, कारण दवंडी पिटली होती की सगळ्यांनी यावं, नवीन नांगर बघावा, चार शब्द ऐकावेत आणि जेवूनच जावं. पालीहून, विंझरहून, डोंगरावरच्या वाड्यांतून माणसं आली. बायका पोरं काखेला मारून आल्या. मांडवात प्रतिनिधी बसले आणि ही मंडळी बाहेर अंगणात, उन्हात.

भाषणांना खंड नव्हता. एका जाड्या वक्त्यांनी तर खेडूत मनुष्य मुळात आळशी कसा असतो, यावर घसा कोरडा होईपर्यंत व्याख्यान दिलं. ज्यांच्याविषयी ते बोलत होते ते पहाटे डोंगर उतरून आले होते आणि डोक्यावर मुंडाशाची सावली धरून ऐकत होते. पालीच्या एका म्हातारीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. "मास्तर, आमास्नी कवा बसवत्यात जेवाया? सून अंगावर पाजती. सकाळधरनं तिच्या पोटात कायबी न्हाई."

विचारतो म्हणून मी कोठीकडे गेलो. तिथं परिषदेचे चिटणीस साडूंना सांगत होते, "हे पाहा, पाहुणे अपेक्षेपेक्षा जास्त झालेत. गावकरी मंडळींच्या हातावर गूळ-खोबरं ठेवा आणि त्यांना निरोप द्या. त्यांना चालतं."

मी कानात बोटं घालायच्या तयारीत होतो. पण साडू ओरडले नाहीत. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"तांदूळ कुनी दिलं?"

"ते संस्थेकडे जमा झालेले आहेत."

"त्ये न्हाई इचारलं. दिलं कुनी?"

"अहो, इथं वाद घालायला वेळ नाही. सांगितलंय तेवढं करा. तुम्ही नोकर आहात."

"व्हय, नोकर हाय," साडू म्हणाले. "ज्यांचं खातोय त्येंचा."

एवढं बोलून ते बाहेर पडले आणि मग मात्र असे गरजले, की मांडवातले वक्ते वाक्य अर्धं सोडून थांबले. "उठा समदी! उन्हात काय वाळवन घातलंय का तुमचं? मांडवात चला! मास्तर, तोंड काय बघताय, पत्रावळ्या मांडा!" आम्ही शिक्षक धावलो. प्रतिनिधी उठून कडेला उभे राहिले आणि त्यांच्या जागी डोंगरातली माणसं संकोचून बसली. पालीची म्हातारी पदर सावरत म्हणाली, "मागनं बसलो तरी चाललं असतं की, बाबा." साडू तिच्यावरही खेकसले. "गप बस, म्हातारे! सुनंला बसव आदी!" आणि सुनेच्या पानावर स्वतः भात वाढून त्यावर दुधाची कासंडी त्यांनी अशी रिकामी केली की पत्रावळीतून ओघळ निघाला.

आळसावर बोललेले वक्ते खांबाला टेकून उभे होते. साडूंची नजर त्यांच्यावर गेली. "हुबं ऱ्हाऊन काय करताय? घागर घ्या, पानी वाढा!" आणि त्या जाड्या गृहस्थांनी, कोट अंगात असताना, खरोखरच घागर उचलली! भीतीनं असेल, पण सबंध पंगतीला त्यांनी पाणी वाढलं. "अजून हवं का?" असंही विचारत होते. त्या दिवशी मला त्यांचं तेवढंच बोलणं आवडलं.

प्रतिनिधी दुसऱ्या पंगतीला जेवले. शेवटी भात पुरला नाही. चिटणिसांच्या पानात भाकरी आणि पिठलं आलं.

संध्याकाळी बैठक बसली. उद्धट वर्तनाबद्दल व्यवस्थापकांना कमी करावं, असा ठराव आला. मी उभा राहिलो. म्हटलं, जेवायला बोलावलेल्या माणसांना जेवू घातलं, यात उद्धटपणा कुठं आला? अध्यक्षांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "आपण त्यांच्या नात्यातले. बसा." पाणी वाढणारे वक्तेही तिथं होते; ते जमिनीकडे पाहत राहिले. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. खेड्यांच्या कळवळ्यानं मुंबई-पुण्यात अश्रू ढाळणाऱ्या कितीतरी लोकांची भाषणं मी त्यानंतर ऐकली, आणि प्रत्येक वेळी ते वर झालेले हात मला दिसले आहेत.

सकाळी पालीची माणसं गाडी घेऊन आली. साडूंनी त्यांनाही सोडलं नाही. "बैलास्नी आज काम न्हाई का? कुनी सांगितली व्हती गाडी?" अक्काला त्यांनी गाडीत बसवलं, जातं आणि भांडी ठेवली आणि स्वतः मागून चालत आपल्या गावाची, वेल्ह्याची वाट धरली. माणसंही मग गाडीत बसेनात. सगळी चालत गेली आणि वाटभर त्यांची बोलणी खात गेली.

केंद्रावर नवे व्यवस्थापक आले. फार गोड माणूस. "आपण", "कृपया", "क्षमा असावी" याखेरीज बोलत नसत. पण आसपासच्या गावांतलं कुणी पुन्हा तिथं फिरकलं नाही, आणि काही वर्षांनी केंद्र बंद पडलं.

वेल्ह्याला साडू आपल्या शेतात राबले आणि बांधावर, बैलांवर, ढगांवर रागावत राहिले. मग अक्का गेली. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. तिचं दिवसकार्य आटोपल्यावर मी पुन्हा एकदा मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्वतः उठून घोंगडी टाकली. "बसा, मास्तर. दमला असाल," म्हणाले. मला चमकल्यासारखं झालं. चहा त्यांनी स्वतःच केला. शेतातला बैल परसात शिरून मेथी खात होता. त्यांनी पाहिलं आणि पुन्हा चहा गाळू लागले.

ती शांतता मला सोसेना. समोर तोरणा उभा होता. मी जाणूनबुजून म्हणालो, "साडूभाऊ, लोक या तोरण्याचं उगाच कौतुक करतात. आमच्या भोरच्या रोहिड्यापुढं हे म्हणजे टेकाडच."

वेल्ह्यात जन्मलेल्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मान खाली घालून मी वाट पाहत राहिलो. साडूंनी गडाकडे पाहिलं.

"आसंल," ते म्हणाले. "तुमी म्हंताय तर आसंल तसंच."

आणि माझा कप पुढे सरकवून हळू आवाजात म्हणाले, "घ्या. चा निवतोय."