मोजलेली नाही

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये कुठल्या गाडीचे ते न कळणारे बोल्ट डब्यात साठतात, तसे ते साठतात. टाकून द्यावेसे वाटत नाहीत, आणि एक दिवस डबा सांडतो. माझा परवा मैत्रिणींसमोर सांडला. त्यातले हे काही.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर गंमत कळणार नाही. वर्कशॉप सलमाबादला. हिवाळा आला की बहारीनचे लोक सखीरच्या वाळवंटात कॅम्पिंगला जातात, आणि ज्यांना तंबू पुरत नाही ते गाडीमागे कॅरव्हॅन जोडून नेतात. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. ती जोडली की तिचं नाक गाडीच्या शेपटीवर बसतं. गाडी मागून दबते, पुढून उचलली जाते. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि ब्रेक उशिरा लागतो. म्हणून जोडणीला दोन पोलादी दांडे लावायचे आणि साखळीने ताणायचे. मग मागचं थोडं वजन परत पुढच्या चाकांवर जातं. साखळीची कितवी कडी अडकवायची, यात सगळी विद्या.

ती कडी अंदाजाने ठरत नाही. पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची तीनदा मोजायची: गाडी एकटी असताना, कॅरव्हॅन जोडल्यावर, आणि दांडे ताणल्यावर. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ यायला हवा. पुण्याहून मेकॅनिकल करून मी इथे रुजू झाले आणि पहिल्याच महिन्यात तीन चौकटींचा एक फॉर्म काढला. चौकटी रिकाम्या असतील तर गाडी बाहेर जाणार नाही. एवढाच नियम. पुढचं सगळं रामायण त्या तीन चौकटींचं.

*

आमचे मॅनेजर देसाईसाहेब मूळचे डोंबिवलीचे, इथे बावीस वर्षं. प्रश्न कुठलाही असो, उत्तर एकच: "मफी मुश्किल." काही अडचण नाही.

एकदा एक गिऱ्हाईक तणतणत आलं. कॅरव्हॅन जोडून निघालो की समोरचे सगळे मला लाइट मारतात, म्हणाला. मारणारच. गाडीचं नाक वर, त्यामुळे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. देसाईसाहेबांनी स्क्रूड्रायव्हर मागवला आणि हेडलाइटच खाली झुकवून दिले. गिऱ्हाईक खूश.

मी म्हटलं, साहेब, पेशंटचा ताप तसाच आहे, तुम्ही थर्मामीटर बदललात. मग त्या माणसाला गेटवर अडवून मी दोन कड्या ताणून दिल्या. गाडीचं नाक छान खाली आलं.

दुसऱ्या दिवशी तो परत हजर. आता त्याच्या हेडलाइटचा उजेड स्वतःच्याच बंपरखाली पडत होता. देसाईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हर मागवला आणि म्हणाले, "मफी मुश्किल."

*

हुसेनचाचा आमचे मुख्य फिटर. दाभोळचे. वडिलांची मच्छीमार होडी होती, चाचा तिच्यावरच वाढले.

मी त्यांना शिकवायला म्हणून फळ्यावर बाण काढले, टेकू दाखवला, सूत्र लिहिलं. चाचा पाठीमागे हात बांधून सगळं ऐकत होते. वीस मिनिटांनी विचारलं, कळलं का चाचा?

चाचा म्हणाले, "पोरी, होडीत सगळी मासळी मागं भरली तर नाकाडं वर होतंय आणि सुकाणू ऐकत नाय. ह्येच ना?"

मी फळा पुसला. चार वर्षांची डिग्री, आणि चाचांचं एक वाक्य!

पण मोजायचं कशाला, हा त्यांचाही प्रश्न होता. डोळ्याला दिसतं की. तेव्हा मी त्यांच्याशी पैज लावली. पाच गाड्या त्यांनी डोळ्याने सांगायच्या, मी टेपने मोजायच्या. चारमध्ये ते अचूक निघाले. पाचवीत चार सेंटिमीटरने चुकले. दुसऱ्या दिवशी चाचांच्या खिशात स्वतःची टेप होती.

*

कॅरव्हॅन रिकामी आणून जोडणी करून घ्यायची आणि नंतर घरी जाऊन ती सामानाने भरायची, हा इथला आवडता प्रकार. मग आकडे बदलतात आणि आमची मेहनत फुकट जाते. म्हणून फोनवर मी सगळ्यांना बजावते: जे जे सखीरला नेणार ते ते सगळं भरून आणा. गाडीतही आणि कॅरव्हॅनमध्येही.

रिफाच्या एका तरुणाने हे अगदी मनावर घेतलं. कॅरव्हॅनमध्ये गालिचे, कोळशाची पोती, जनरेटर, पाण्याची टाकी. आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्याची आजी. सरळ बसलेली, मांडीवर कॉफीचा थर्मास.

मी म्हटलं, आजींना ऑफिसात बसवा, एसी आहे. त्याने आजीला सांगितलं. आजीने नकार दिला. म्हणे, मी सखीरला जाणार आहे ना? मग मला पण मोजा.

अर्धा तास ती उतरली नाही. चाचा कमानीला टेप लावायचे, ती खिडकीतून डोकावून आकडा विचारायची. मधे आम्हाला कॉफी आणि खजूरही मिळाला. तिसरा आकडा पहिल्याशी जुळला तेव्हा तिने चाचांकडून सगळं अरबीत नीट समजून घेतलं, आणि मग नातवाकडे वळून तिने जे विचारलं ते चाचांनी मला मराठीत सांगितलं:

"म्हंजे गेली पाच वर्सं तू मला न मोजताच नेत व्हतास?"

*

चाचा आकडे खडूने थेट गाडीवर लिहितात, चाकावरच्या कमानीपाशी. आणि लिहितात देवनागरीत. शाळा सुटली तेव्हा जे आकडे येत होते तेच त्यांचे आकडे.

बुसैतीनच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर त्यांनी १०१ लिहिलं आणि पुसायचं राहिलं. संध्याकाळी त्याचा मला फोन. देवनागरीतला एक म्हणजे बाकी सगळ्या जगाचा नऊ! माझी गाडी नऊशे नऊ सेंटिमीटर कशी, त्याने शांतपणे विचारलं. सिस्टर, माझ्या पोर्चची उंची तेवढी नाही.

देसाईसाहेबांनी हुकूम काढला: गाडीवर यापुढे मराठी बंद. चाचांनी तो ऐकला, खडू कानावर ठेवला आणि पुढच्या गाडीवर लिहिलं: ९८. मी दोघांच्या मधे पडले नाही. खरं सांगायचं तर मीही तेव्हापासून मराठीतच लिहायला लागले.

*

आता वजनाचं.

एक मोठे गृहस्थ आले. दहा मिनिटांत गाडी हवी होती. देसाईसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, अगं, फॉर्म राहू दे, यांचं वजन आहे. इथे त्याला वास्ता म्हणतात, आपल्याकडे वजन. कुठेही फोन करून काहीही करून घेण्याची ताकद.

मी म्हटलं, "साहेब, आहे तर ते पुढच्या चाकांवर टाकू या. मागेच फार झालंय."

चाचा गाडीखाली होते. गाडी हसायला लागली असं वाटलं.

गृहस्थ चाळीस मिनिटं थांबले. घड्याळ बघत, पण थांबले. पुढच्या आठवड्यात आपल्या भावाची कॅरव्हॅनही त्यांनी आमच्याकडेच पाठवली. देसाईसाहेबांना मात्र भावाचं काही कौतुक वाटलं नाही. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा व्हिसा मार्चमध्ये संपतो, रिन्यूअलचं पत्र तेच पाठवणार. त्यांनी सरळ सांगितलं: "फॉर्म बंद कर. मग पत्र पाठवतो."

मी बाहेर आले आणि फॉर्मच्या आणखी शंभर प्रती काढल्या.

*

उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या घरी हे सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले. बाबा अकाउंटंट, आयुष्य इथेच गेलं. ते म्हणाले, आपण इथे पाहुणे आहोत बाळा, पाहुण्याने घरातल्या रीती बदलायच्या नसतात.

मी म्हटलं, "बाबा, पाहुण्यांना कोणी आठवड्याचे सहा दिवस गाडीखाली झोपवतं का?"

आई म्हणाली, भात घे. झोपायला जाताना बाबांनी एवढंच विचारलं की आपल्या गाडीच्या चाकांवर वजन बरोबर आहे ना. आमच्या गाडीला मागे काहीही जोडलेलं नाही.

*

आणि आता शेवटचा.

आमचे मालक बू खालिद. वर्कशॉपला महिन्यातून एकदा येतात, जुन्या बहारिनी लोकांसारखं हिंदी फर्डं बोलतात, पण वाचता येत नाही. त्यांनी स्वतःसाठी नवी कॅरव्हॅन घेतली. जोडणी अर्थातच आमच्याकडे.

ती नेमकी चाचांच्या आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी आली. देसाईसाहेबांनी साखळ्या स्वतःच्या हातांनी लटकवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर फॉर्म तयार होता, अक्षर त्यांचं: ९८, १०२, ९८. आकडे इंग्रजीत, बरं का.

इतका सुंदर फॉर्म मी आयुष्यात पाहिला नव्हता. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. मी साखळीला हात लावला. ती पाळण्यासारखी झुलली.

मी सांगितलं, साहेब, ही मोजलेली नाही. ते म्हणाले, अरबाबना, म्हणजे मालकांना, बारा वाजता निघायचंय, आता हात लावायचा नाही. आणि मला लगेच रिफाला पाठवलं, एका गिऱ्हाइकाची कॅरव्हॅन बघायला. ती कॅरव्हॅन दोन दिवसांनी बघितली असती तरी चाललं असतं.

मालकांचा नंबर माझ्याकडे नव्हता. खडू होता. निघताना मी त्या पांढऱ्याशुभ्र गाडीच्या पुढच्या चाकाच्या काळ्या रबरावर ठळक अक्षरात लिहिलं: मोजलेली नाही.

पुढचं चाचांनी पाहिलेलं. देसाईसाहेब फडकं घेऊन धावले, तोवर मालक समोर उभे. हे काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. देसाईसाहेब म्हणाले, सगळं ओके आहे असं लिहिलंय. मालकांना ते इतकं आवडलं की म्हणाले, मग पुसू नका, राहू दे. आणि गेले.

चाचा तोंड उघडणार होते. तोवर गाडी गेटबाहेर होती.

त्यापुढचं नंतर मालकांकडूनच कळलं. पेट्रोल पंपावर तेल भरणारा श्रीवर्धनचा निघाला. त्याने टाकीचं झाकण लावलं, चाकाकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, साहब, नापे बिना क्यूं ले जा रहे हो? मालकांना वाटलं, याला वाचता येत नाही. पुढे कोल्ड स्टोअरवाल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, नेपाळ्याला त्यांनी बाहेर बोलावून विचारलं. त्याला मराठी येत नव्हतं, लिपी मात्र येत होती. शेवटचा शब्द 'नाही' आहे, एवढं त्यानेही शपथेवर सांगितलं.

मी रिफाहून परतले तेव्हा कॅरव्हॅन गेटातून सावकाश आत येत होती, गाडीचं नाक आभाळाकडे. मालक उतरले. देसाईसाहेबांच्या टेबलावरचा फॉर्म स्वतः घेऊन आले आणि चाचांसमोर हात केला. चाचांनी टेप दिली. मालक वाळूत गुडघ्यावर बसले, कमानीला टेप लावली आणि आकडा वाचला. एकशे दोन.

मग त्यांनी फॉर्मवर तिसऱ्या चौकटीतल्या अठ्ठ्याण्णवकडे पाहिलं. मग चाकावरच्या अक्षरांकडे.

"यह किसने लिखा?"

मी म्हटलं, मी.

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, देसाईसाहेबांच्या हातात ठेवला आणि दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या चाकाकडे बोट दाखवलं.

"अब तुम लिखो. अरबी में लिखो. मेरे को पढना है."