काळ्या ठिगळाचा बावटा

नारळी पौर्णिमेनंतरचा दुसरा सोमवार, सकाळी सव्वादहा. पवईचं ऑफिस, छोटी मीटिंग रूम. हजर: माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान असलेला कंपनीचा मालक, लोगो काढणारी आमची डिझायनर, आणि रोजचं कामकाज बघणारी मी. फोनच्या स्पीकरवर, मालाडच्या पश्चिमेकडच्या एका कोळीवाड्यातल्या मावशी. विषय एकच होता, आणि तो माझ्या कामांच्या यादीतून निघालेला होता.

मावशींनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"बाय, तुमच्या गाडीवर माझा बावटा कसा?"

शनिवारी आमची गाडी कोळीवाड्यात गेली होती. चौदा मासळीवाल्या बायकांचा गट, त्यांना सोलरवर चालणारी एक थंड खोली हवी होती. दुपारी उरलेली मासळी ठेवायला जागा नसली की संध्याकाळी ती मिळेल त्या भावाने द्यावी लागते. मावशी या गटाच्या पुढारी. दोन वर्षं त्या या खोलीच्या मागे होत्या. कर्जाच्या कागदावर चौदाही सह्या लागतात. शनिवारी बारा झाल्या. उरलेल्या दोघी गाडीच्या दारावरचा लोगो बघून मागे फिरल्या.

आमचं काम साधं आहे. हवामान बिघडू नये म्हणून कुणाला पैसे घालायचे असतात, आणि सोलर किंवा थंड खोली घ्यायला कुणाला पैसे हवे असतात. आम्ही वेबसाइटवर त्यांची गाठ घालून देतो. पहिलं नाव इंग्रजी होतं, ते सोलर घ्यायला आलेल्या चारकोपच्या वर्कशॉपवाल्यांना उच्चारता येईना. मग मालक म्हणाला, ताई, तूच सुचव. मी वर्षभर कोळीवाड्यात जात-येत होते. तिथली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती.

ही माणसं खोल पाण्यात जाळं लावतात आणि घरी निघून येतात. जाळं पाण्याखाली. वर तरंगतं एक पीप, पिपात उभी काठी आणि काठीला फडका. तोच बावटा. प्रत्येक घराचा वेगळा. ना कुलूप, ना राखण. दुसरी होडी बाजूने जाते, फडका बघते, हे अमक्याचं म्हणते आणि वळसा घालून पुढे जाते. मला वाटलं, आपल्या कंपनीने लोकांना हेच तर सांगायचंय. तुम्ही घातलेला पैसा दिसणार नाही, पण तो कुठे आहे याची खूण वर दिसेल, आणि त्याला कुणी हात लावणार नाही. नाव ठरलं: बावटा. घरी बाबांना सांगितलं. ते जन्मभर गिरणीत होते. म्हणाले, "आमचा लाल होता. तुमचा कसला गं, व्याजाचा?"

लोगोसाठी मी मावशींच्या होडीवर टेकवून ठेवलेल्या एका बावट्याचा फोटो काढला. पिवळा तिकोनी फडका, कोपऱ्यात काळं चौकोनी ठिगळ. डिझायनरने तो जसाच्या तसा उचलला. वेबसाइटवर आम्ही लिहिलं, पिवळा म्हणजे सूर्य, काळा चौकोन म्हणजे सोलर पॅनेल. सगळ्यांना झकास वाटलं. मलाही.

माझ्या तेव्हाच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे: "फोटोची परवानगी". पुढे टिक. मावशींची फॉर्मवर सही आहे, तारखेसकट. फोटो काढू का, एवढंच मी विचारलं होतं. बावटा घेऊ का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. यादीत जे लिहिलेलं नसतं ते माझ्या लेखी नसतंच, ही माझी जुनी खोड.

आता स्पीकरवर मावशी सांगत होत्या ते ठिगळ कसलं. त्यांच्या सासऱ्यांच्या मागे दोघे भाऊ वेगळे झाले. पिवळा बावटा थोरल्याकडे राहिला. धाकट्याने, म्हणजे मावशींच्या नवऱ्याने, त्यालाच काळं ठिगळ लावलं. वाटणीची ती खूण. सही न करता फिरलेल्या दोघी थोरल्या घरातल्या सुना.

"त्या बोलतात, कंपनी हिचीच हाय. आमच्या सह्या घेऊन खोली स्वतःच्या नावावर करल. आणि बाकीच्या बोलतात, हिने नवऱ्याचा बावटा विकला. आता मी बाजारात बसू कशी, सांग."

मालक पुढे वाकला. "मावशी, सॉरी. आपण ते ठिगळ काढून टाकू. नुसता पिवळा ठेवू."

"मग तो थोरल्या घरचा झाला ना रे. मग मी सही करीन काय?"

"हिरवा केला तर?" डिझायनरने विचारलं.

"हिरवा देवळामागच्यांचा."

"निळा?"

"निळा पाण्यात दिसतो काय गो? कवा होडीत बसलीस?"

मालकाला हसू आलं, त्याने ते दाबलं. दोन्ही सुनांना मी समोर बसवून समजावीन, म्हटलं. त्यावर मावशी म्हणाल्या, समजावून काय होणार, गाडीवर तर तोच दिसतोय.

"मग मावशी, आम्ही करू काय?"

"तुमचा आणा. आमच्यात बावटा बाजारातनं नाय आणत. घरातलं कापड लागतं, कुणाच्या तरी अंगाला लागलेलं. तुमच्या घरातनं काय तरी फाडा आणि त्याचा करा. मग मी सांगते त्या दोघींना, बघा, हा कंपनीचा, माझा न्हवं. तवा करतील सही."

फोन बंद झाला. मालक म्हणाला, गुरुवारपर्यंत जुना लोगो सगळीकडून उतरवू. नवा शुक्रवारी चढवू. कापड कुणाच्या घरचं?

"माझ्या घरी सगळं ऑनलाइन आलेलं आहे, ताई," तो म्हणाला. डिझायनर भाड्याच्या खोलीत राहते, तिच्याकडे चार कपडे. दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी वहीत लिहिलं: कापड — मी.

सगळी कामं वेळेत झाली. गाडीवरचं चित्र खरवडलं. वेबसाइटवरून सूर्य आणि पॅनेल गेलं. मावशींना माफीची चिठ्ठी मी स्वतः नेऊन दिली, थोरल्या घरीही एक दिली. शुक्रवार येऊन गेला. मालकाला मी दोन दिवस वाढवून मागितले, मग आणखी दोन.

कापड मला पहिल्याच संध्याकाळी सापडलं होतं. चारकोपला आमच्या घरी गॅलरीत बाबांची खुर्ची आहे. तिच्यावर एक जाड चादर असते, लाल-हिरव्या काठाची. त्यांच्याच खात्यात विणलेली. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे तेवढीच उरली. रोज दुपारी तिच्यावर बसून ते पेपर वाचतात. काठाचा भाग हातभर कापला तरी पुरेल. लाल-हिरवा लांबून दिसेल, आणि कोळीवाड्यात तो कुणाचाच नाही, हे मी मावशींना विचारून घेतलं आहे.

बाबा आंघोळीला गेले की मी कात्री हातात घेऊन गॅलरीत जाते. दोनदा गेले. चादर ओढली, काठ मोजला, परत नीट घातली. आधी एकदा विचारायचं राहून गेलं त्याचं काय झालं, ते बघून झालंय. पण विचारायला जावं तर त्यांचं उत्तर मला माहीत आहे. नाव ऐकवलं त्याच दिवशी ते म्हणाले होते, "एका कंपनीला सगळं आयुष्य दिलं. दुसरीला या घरातली काडी मिळणार नाही."

काल जेवताना त्यांनी विचारलं, "काय गं, हल्ली माझ्या खुर्चीकडे काय बघत असतेस?"

"काही नाही. चादर धुवायला टाकू का?"

"परवाच धुतली."

आज सकाळी मावशींचा फोन आला. कालचे बोंबील संध्याकाळी अर्ध्या भावात गेले. "फडका झाला काय गो?" म्हणून विचारलं. उद्या, म्हटलं.

वहीत या आठवड्याच्या पानावर अकरा कामं आहेत. दहांपुढे टिक आहे. अकरावं: बाबांना विचारणे.