रबराच्या सडकेचा उन्हाळा

हैदराबादहून निघालेली बस सोडून इचोड्याला उतरले, तेव्हा ऊन डोळ्यांत मावत नव्हते. ढाब्यावर चल्ला (ताक) प्यायले आणि बोथच्या वाटेवरचा ऑटो धरला.

"काऊन वं ताई, सुट्ट्या लागल्या का?" ऑटोवाल्याने विचारले.

मी चाचरतच सांगितले, सुट्ट्या नाहीत, एका दिवसासाठी सडक पाहायला आले आहे. जुन्या टायरांचा चुरा गरम डांबरात मिसळला, की ते उन्हात लवकर पातळ होत नाही, असे आम्हाला कॉलेजात शिकवले आहे. आमच्या गावच्या फाट्यावर कॉलेजच्या सरांनी तशा सडकेचा एक तुकडा करून घेतला आहे. या उन्हाळ्यात तो टिकला, तर पुढचे वर्षभर इथल्याच कामावर शिकायला ठेवतील. म्हणजे मला घरी राहता येईल.

"रबराची सडक? मंग माहा ऑटो उड्या मारन का?"

मलाही हसू आले. चाकांखाली डांबर चरचरत होते. आमच्याकडे अशा सडकेवर दुपारी राख टाकतात, बैलांचे खूर चिकटू नयेत म्हणून.

फाट्यावर माझा तुकडा दिसेचना. त्यावर राखेचा जाड थर होता, आणि शेजारी पळसाखाली टोपले घेऊन माय बसली होती.

"रोज टाकून राह्यली," ती म्हणाली. "सडक टिकली तं तू घरी राह्यशील, म्हनली होती ना."

राख पातळ झालेले डांबर शोषून घेते. आता सडक रबराने टिकली की राखेने, हे कोण सांगणार?

"माय, ते उघडंच राहू द्यायचं होतं."

"मले काय मालूम, बाई."

दोघींनी मिळून राख झाडली. खालची सडक घट्ट होती, चप्पल चिकटली नाही. पण फोनवर राखेचे सांगितले, तेव्हा सर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पाहावे लागेल. तोपर्यंत हैदराबादच.

रात्री मायने अंबाडीची भाजी अन् भाकर वाढली. ती स्वतः नीट जेवली नाही. सकाळी मला ऑटोत बसवताना हळूच म्हणाली, "येत्या उनाळ्यात हात नाई लावत मी. नुसती पाह्यत बसीन."

हैदराबादची बस निर्मळचा घाट उतरेपर्यंत मला पळसाखाली बसलेली मायच दिसत राहिली. सडक तापते आहे, टोपले रिकामे आहे, आणि तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आहेत.